लाँग कोविडमधला दम आणि व्यायाम: या चुका टाळा

कोविडनंतरचा दम घेऊन येणारी माणसं बडोद्यात मी 2020 पासून बघते आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणून सांगते, चुका त्याच त्या असतात.

सगळ्यात जास्त नुकसान घाईने होतं. दांडिया बाजारातले एक काका, ताप जाऊन चार महिने झाले तरी जिन्याच्या वळणावर कठडा धरून उभे राहायचे. त्यांना मी घरातल्या घरात सहा मिनिटं चालायला सांगितलं होतं. एका रविवारी बरं वाटलं म्हणून त्यांनी सगळी कमाटी बाग पालथी घातली. सोमवारी ठणठणीत. "उगाच घाबरवता तुम्ही," असा फोनही केला. मंगळवारी सकाळी दात घासताना हात वर धरवेना. पुढचे पाच दिवस अंथरुणात.

श्रमानंतरची ही कोसळण बहुधा 12 ते 72 तासांनी येते. त्यामुळे "काल चाललो, आज बरा आहे" हा हिशेब मी धरतच नाही. पेशंटला वही करायला लावते: किती चाललात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कसं वाटलं. झेपेल त्याच्या निम्मंच करायचं, दमायच्या आधी बसायचं. कोसळण होत असेल तर दर आठवड्याला वेळ वाढवत नेण्याचा कार्यक्रम लावूच नये. "जोर लावला की फुफ्फुसं मोकळी होतात," म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी बाहेर बसवते.

दुसरी चूक तीन बॉलच्या स्पायरोमीटरची, म्हणजे श्वासाच्या व्यायामाच्या त्या प्लास्टिकच्या यंत्राची. लोक त्यात फुंकतात! एका काकूंनी दोन आठवडे फुंकणीने चूल पेटवावी तसं फुंकलं. बॉल हलेनात म्हणून आणखी जोर केला, शेवटी चक्कर आली. आधी श्वास सावकाश सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि स्ट्रॉने ताक ओढावं तसा श्वास आत ओढा. पहिला बॉल वर जायला सेकंदाला 600 मिली हवा लागते, तिसऱ्याला 1200. तिन्ही टणकन उडवण्यापेक्षा पहिला तीन सेकंद वर टिकवलेला मला जास्त आवडतो. चार-पाच श्वास झाले की थांबा.

बादली उचलताना श्वास रोखू नका. उचलता उचलता सोडा.

हृदय आणि फुफ्फुसं तपासून घेतल्याशिवाय व्हिडिओ बघून सुरुवात करू नका.

ऑक्सिमीटर मेंदी किंवा नेलपॉलिश लावलेल्या बोटाला लावू नका. आणि नुसतं बसून बघू नका, चालून आल्यावरही बघा: ऑक्सिजनचा आकडा तीन किंवा जास्त अंकांनी उतरला, छातीत दुखलं किंवा धडधडलं, तर व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवा.