पिकअप घेताना कोटेशन कसं वाचायचं

शोरूममध्ये शिरल्या शिरल्या "डिस्काउंट किती?" विचारू नका. विक्रीवाला दहा-पंधरा हजार हसत सोडतो आणि तेच विम्यातून, हँडलिंगमधून नाहीतर हप्त्यातून वळते करून घेतो. मागायचं ते ऑन-रोड किमतीचं, म्हणजे विमा-नोंदणीसकट गाडी रस्त्यावर येईपर्यंतच्या सगळ्या खर्चाचं कोटेशन, प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत, शिक्क्यासह. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक गोळाबेरीज आकडा म्हणजे कोटेशन नव्हे.

त्याच्याही आधी माल ठरवा. १,३०० किलो क्षमतेच्या गाडीत सोयाबीनचे ५० किलोचे २६ कट्टे बसले की वजन संपलं. वर अजून दोन थर बसतील असं दिसतं, तिथेच गडबड होते. कापसाचं उलटं, हौदा शीगोशीग भरतो पण काट्यावर वजन किरकोळ. म्हणजे लातूर-उदगीरच्या बाजारात धान्य नेणाऱ्याने क्षमता बघावी, कापूसवाल्याने हौद्याची लांबी. गाडी अधिक माल मिळून एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, त्यापुढे लागतं. ७,५०० किलोपर्यंत कारचं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं आहे. "पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवून देतो, दोन टन आरामात ओढेल" या बोलण्यावर जाऊ नका. आरसीवरची क्षमता पाट्याने वाढत नाही, अ‍ॅक्सल किंवा चेसिसला तडा गेला की वॉरंटी मात्र हमखास नाकारतात.

आता कोटेशन. पहिली ओळ एक्स-शोरूम, म्हणजे विमा-नोंदणी सोडून गाडीची किंमत, जीएसटीसह. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे शेजाऱ्याने त्याआधी घेतलेल्या गाडीशी तुलना करण्यात अर्थ नाही. हार्डवेअरसारखा जीएसटी लागणारा, नोंदणी असलेला धंदा असेल तर इन्व्हॉइसवर आपला जीएसटी नंबर टाकायला लावा. एक्स-शोरूम ९,४०,००० असेल तर त्यात १,४३,३९० रुपये कर आहे, आणि मालवाहू गाडीवर त्याचं क्रेडिट, म्हणजे आपल्याला भरायच्या जीएसटीतून वजावट, मिळतं; त्या रकमेवर घसारा तेवढा दाखवायचा नाही. कोणत्याही डिस्काउंटपेक्षा ही रक्कम मोठी, तरी बरेच जण गाडी घरच्या माणसाच्या नावावर घेऊन ती घालवतात.

सगळ्यात जास्त पाणी असतं विम्याच्या ओळीत. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेल्या नुकसानीचा, दर सरकार ठरवतं, तो सगळ्या कंपन्यांत सारखाच. घासाघीस होते ती गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या, म्हणजे ओन डॅमेजच्या भागात. विमा शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती करता येत नाही. बाहेरून दर मागवा, पण आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) सारखा धरून. नव्या गाडीचा आयडीव्ही किमतीच्या ९५ टक्के असतो. तो ८० टक्क्यांवर आणला की हप्ता स्वस्त दिसतो आणि गाडी चोरीला गेल्यावर लाखभराचा फटका बसतो. आणखी एक गोष्ट विक्रीवाला आपणहून क्वचितच सांगतो: व्यावसायिक गाडीच्या साध्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, रंगकाम यांचं किरकोळ अपघातातलं नुकसान धरत नाहीत. त्यासाठी आयएमटी २३ हे कलम जादा पैसे भरून घ्यावं लागतं. घ्याच.

हँडलिंग किंवा डेपो चार्ज नावाची ओळ दिसली तर पेनाने काट मारा. "सगळेच घेतात" असं उत्तर आलं तर याच नावाने जीएसटीचं पक्कं बिल मागा. बहुतेकदा ओळ गायब होते. "आरटीओ खर्च" या एका आकड्यात रोड टॅक्स, फी आणि एजंटचे पैसे कालवलेले असतात, म्हणून सरकारी पावतीइतकेच देणार हे आधीच लिहून घ्या. तालुक्याच्या सब-डीलरकडे इन्व्हॉइस कुणाच्या नावाने निघणार ते विचारा आणि एक कोटेशन जिल्ह्याच्या मुख्य शोरूमचं आणा.

कर्जात फसवणूक "सात टक्के" या शब्दात असते. आठ लाखांवर चार वर्षं सात टक्के फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण आठ लाखांवरच व्याज, धरलं तर व्याज २,२४,००० आणि हप्ता साधारण २१,३३३. बँकेच्या घटत्या शिलकीच्या हिशेबाने हाच दर साडेबारा टक्क्यांच्याही थोडा वर जातो. पहिला हप्ता आगाऊ कापला, कर्ज-सुरक्षा विमा कर्जातच घुसवला, तर आणखी वर. त्यामुळे टक्के न विचारता हातात किती मिळणार आणि एकूण किती फेडायचे, हे दोन आकडे विचारा. रोखीने दोन लाख किंवा त्याहून जास्त घेणं शोरूमला कायद्याने मना आहे. आडतीचे पैसे खात्यावर घेऊन तिथूनच भरा.

दसरा-दिवाळीला सोयाबीनचा पैसा हातात असतो, हे शोरूमवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. पितृपंधरवड्यात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा भाव ठरवून बुकिंग करा आणि गाडी दसऱ्याला उचला. डिसेंबरअखेर जुन्या सालची गाडी स्वस्त मिळते. पाच-सहा वर्षांत विकायची असेल तर साल आडवं येतं, झिजेपर्यंत वापरायची असेल तर तोच सौदा चांगला.

पासिंगच्या आधी गाडी उन्हात उभी करून बघा. चेसिस नंबर इन्व्हॉइसशी अक्षरन् अक्षर जुळवा, फॉर्म २१ (शोरूमचं विक्री प्रमाणपत्र) वर उत्पादनाचा महिना-साल वाचा. टायरवर चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. एकच टायर वेगळ्या सालचा निघाला तर कारण विचारा. स्टेपनी, जॅक, पाना जागेवर आहे का बघा. काही खटकलं तर लेखी कळवून पासिंग तिथेच थांबवा, कारण नंबर पडल्यावर शोरूम गाडी बदलून देत नाही.