मिठाच्या पुडीवर तारीख लिहा

मिरजेत माझी खानावळ आहे. रोज चाळीस-पंचेचाळीस डबे जातात. आमटीत मीठ किती घालायचं हे मी कधी मोजलं नव्हतं, हाताला ठाऊक होतं. 2019 मध्ये गुडघा दाखवायला गेले, तिथे डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला तर बीपी 168/104. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, काहीच नव्हतं. दोन दिवसांनी परत मोजलं, तरी तेवढंच. डबा न्यायला येणाऱ्या बायका मला तेव्हापासून एकच विचारतात, काकू, तुम्ही नेमकं काय केलंत? तेच इथे लिहिते.

पहिलं काम मिठाचं. मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा. पण रोज चमचा मोजत कोण बसणार? म्हणून मी पुडी मोजते. घरचं मीठ खानावळीच्या मिठापासून वेगळं काढलं आणि पुडी फोडली त्या दिवशीची तारीख पेनाने तिच्यावर लिहिली. आम्ही घरात चौघं. माणशी 5 ग्रॅम म्हणजे दिवसाला 20, म्हणजे किलोभर मीठ 50 दिवस तरी पुरायला हवं. आमची पहिली पुडी बावीस दिवसांत संपली. माणशी अकरा ग्रॅमच्या वर! त्यात पापड, लोणचं, फरसाण, खारी धरलेलीच नव्हती. तुमच्या घरी माणसं किती त्यावर हिशेब करा: दोघांना 100 दिवस, पाच जणांना 40.

मीठ एकदम तोडू नका, जेवण आळणी लागतं आणि घरचे चिडतात. मी दर पंधरवड्याला थोडं थोडं कमी केलं. कणकेतलं आणि भातातलं मीठ आधी बंद केलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. ज्वारीच्या भाकरीत तसंही मीठ नसतं. ताटात डावीकडे मीठ वाढणं थांबवलं. भाजीत मीठ शेवटी घालते, कमी घातलं तरी चव लागते. कोकम, चिंच, लिंबू, ओलं खोबरं, लसणाची फोडणी सढळ ठेवली. ताकात मिठाऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड. दोन-अडीच महिन्यांनी जिभेला सवय झाली, आता बाहेरचं खारट लागतं.

इथे दोन गैरसमज फार आहेत. सैंधव चालतं असं सगळे म्हणतात. ते उपवासाला चालतं. बीपीला ते मीठच आहे. दुसरं, बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ. त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका. सुकट, सुके बोंबील, पापडखार घातलेले पापड, पोट जड झालं की घ्यायची फसफसणारी पूड, या सगळ्यांतून सोडियम जातं.

आता मोजणं. मनगटावरचं नको, दंडावर पट्टा बांधायचं मशीन घ्या. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. लहान पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री, जिन्याची चढउतार नको. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. दंड उघडा, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, पट्ट्याची खालची कड कोपराच्या दोन बोटं वर. मोजताना बोलायचं नाही, फोनवर तर नाहीच. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा, चांगला तेवढाच निवडून नको. डॉक्टरांकडे जायच्या आधीचा आठवडा मी सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी मोजते, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढते. घरची सरासरी 135/85 किंवा त्याहून वर असेल तर बीपी वाढलेलं धरतात. तुमचं किती असावं हे वय, साखर, किडनी बघून डॉक्टर ठरवतील. बाकी दिवशी सारखं मोजत बसू नका, काळजीनेच आकडा वर जातो.

गोळीबद्दल मी केलेली चूक सांगते. चार महिन्यांनी 126/80 आलं, मला वाटलं बरी झाले, आणि मी गोळी बंद केली. तीन आठवड्यांनी 172/106. आकडा चांगला आला होता तो गोळीमुळे आणि गोळी थांबली तसा तो परत गेला. कमी करायची किंवा बंद करायची तर डॉक्टरांनीच. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या अचानक सोडणं तर धोक्याचं असतं.

मला आता टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन चालू आहे. ॲम्लोडिपिनने घोटे सुजले होते. मी घाबरून सोडली नाही, दाखवलं, डोस कमी करून दुसरी गोळी जोडून दिली. रॅमिप्रिल, एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो, तोही सांगायचा. वारांचे कप्पे असलेली डबी रविवारी भरते. एक वेळ चुकली तर आठवण येईल तेव्हा घ्या, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम नकोत. उपवासालाही गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात. खर्चाची अडचण असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करा, जन औषधी केंद्रातही बीपीच्या गोळ्या स्वस्त मिळतात.

माझ्या गुडघ्याचाही यात हात होता. मी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून रोज घेत होते आणि त्याने बीपी चढतं. सर्दीच्या काही गोळ्यांनीही चढतं. खोकल्याला रोज ज्येष्ठमध चघळत असाल तर तेही सांगा. जास्त दिवस घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं.

चालणं मी पहाटे करते, अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. वजन सहा किलोने उतरलं, त्याचाही फायदा झाला. घरात कुणी जोरात घोरत असेल आणि झोपेत श्वास अडकत असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा, बीपीचं मूळ कधी तिथेही असतं.

आकडा 180/120 च्या वर आला तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका हातातला जोर जाणं, बोबडं बोलणं, नजर अंधारणं यांपैकी काहीही असेल तर परत मोजायलाही थांबू नका, 108 ला फोन लावा. काही त्रास नसेल पण आकडा तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. जिभेखाली गोळी ठेवून किंवा जास्तीची गोळी गिळून आकडा झटकन पाडायला जाऊ नका; रक्तदाब एकदम उतरला तर मेंदूला रक्त कमी पडतं.

तपासायला जाताना मी वही नेते आणि वर्षातून एकदा मशीनसुद्धा, त्यांच्या मशीनशी ताडून बघायला. पुढची तारीख आषाढीनंतरची आहे. तेव्हा किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्यायचं आहे. चालू पुडीवर 9 मे लिहिलंय, अजून तळाशी चार बोटं मीठ शिल्लक आहे.