आईची थायरॉइडची गोळी

आई 76 वर्षांची. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, रोज घेऊनही टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, हे औषध कमी पडलं की वाढतो) वाढतच होता. डोस वाढवायचं चाललं होतं आणि मी तिलाच बोलत होतो, ‘गोळी विसरतेस तू.’

एके सकाळी शेजारी बसून पाहिलं. थायरॉइडची, रक्तदाबाची, कॅल्शियमची, सगळ्या गोळ्या चहाबरोबर एकदमच! कॅल्शियमसोबत थायरॉक्सिन नीट शोषलंच जात नाही. ती विसरत नव्हती. वेळा तिला कुणी समजावल्याच नव्हत्या. फार वाईट वाटलं.

डॉक्टरांना विचारून वेळा बदलल्या. थायरॉइडची गोळी आता उशाशी, तांब्याजवळ. पहाटे उठल्याबरोबर नुसत्या पाण्याशी घेते, चहा तासाभराने. कॅल्शियम दुपारी जेवल्यावर, मध्ये 4 तासांहून जास्त अंतर. पाकिटावरची बारीक अक्षरं तिला दिसत नाहीत, म्हणून डबीवर मोठा सूर्य काढून दिला.

8 आठवड्यांनी तपासलं, डोस न वाढवता टीएसएच नॉर्मल.