स्तन पुनर्रचना करताय? शुगर, वजन आणि खर्र्याच्या या चुका टाळा

कॅन्सरमुळे काढलेला स्तन पुन्हा घडवण्याचे मुख्य मार्ग दोन. एक इम्प्लांटचा, म्हणजे कातडीखाली कृत्रिम स्तन बसवायचा, दुसरा फ्लॅपचा, म्हणजे बहुतेकदा पोटाखालची कातडी आणि चरबी रक्तवाहिनीसकट उचलून छातीवर जोडायची. फ्लॅप जगतो तो दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्यांच्या जोडावर. इम्प्लांटवर ताणून बसवलेली पातळ कातडीही बारीक वाहिन्यांच्याच भरवशावर असते. मधुमेह आणि लठ्ठपणा नेमके इथेच नडतात. रक्तपुरवठा तोकडा पडतो, टाके उशिरा धरतात, पू लवकर होतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कॅन्सरचं आणि पुनर्रचनेचं ही दोन ऑपरेशनं एकाच मापाने मोजणं. शुगर जास्त आहे म्हणून कॅन्सरचं ऑपरेशन महिनोन् महिने पुढे ढकलायचं नसतं. ती शुगर डॉक्टर इन्सुलिनने आटोक्यात आणतात. पुनर्रचनेला मात्र घाई नाही. एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी) ८ टक्क्यांच्या वर असेल तर बरेच सर्जन ती नंतर करायला सांगतात आणि ते योग्यच आहे. ‘एकदाच भूल, एकदाच खर्च’ हा हिशेब इम्प्लांट काढायची वेळ आली की उलटा पडतो.

एकाच रिपोर्टवर विसंबू नका. विदर्भात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार बऱ्यापैकी आढळतो. त्यात, विशेषतः नुसती वाहक नसून प्रत्यक्ष आजार असेल तर, तांबड्या पेशी लवकर मरतात आणि त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही. मग एचबीएवनसी खोटा कमी येतो. रक्त चढवल्यावरही हा आकडा भरवशाचा राहत नाही. सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर आधी करून घ्या. फ्लॅपमध्ये गुठळी होण्याच्या दृष्टीनेही सर्जनला ती माहिती हवी असते. जोडीला दोन आठवडे उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरने शुगर तपासून वहीत लिहा, किंवा फ्रुक्टोसामाइन (गेल्या दोन-तीन आठवड्यांच्या शुगरची रक्ततपासणी) करता येईल का ते विचारा. केमोसोबत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलं असेल तर त्या दिवसांवर खूण करा, कारण त्या औषधाने शुगर चढते. आणि संत्रं सोलून तसंच बोट टोचू नका! सालीचा-रसाचा अंश बोटावर राहिला तरी मशीन भलताच मोठा आकडा दाखवतं. नुसतं सॅनिटायझर पुरत नाही. साबण-पाण्याने हात धुवून कोरडे करा.

गोळ्यांची पूर्ण यादी भूलतज्ज्ञाला दाखवा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या साधारणपणे ऑपरेशनच्या ३ दिवस आधी थांबवतात. त्या चालू राहिल्या तर शुगर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. मळमळ, पोटदुखी, जोरजोरात श्वास अशी लक्षणं दिसली तर कीटोन (हेच आम्ल) तपासायला सांगा. शुगर-वजनासाठी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर पोट उशिरा रिकामं होतं, तेही सांगून ठेवा. फ्लॅपआधी सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) असेल तर क्रिएटिनीन, म्हणजे किडनीची तपासणी, पाहून मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचं ठरतं. मनानेच काही बंद करू नका. ऑपरेशनच्या सकाळचा दुधाचा चहा पाण्यात धरला जात नाही; भुलीआधी त्याला जेवणासारखंच ६ तासांचं अंतर लागतं.

वजनाच्या बाबतीत उलटीच चूक होते. भारतीय मापाने बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ पासून लठ्ठपणा धरतात. जाड पोटाच्या फ्लॅपमध्ये चरबी मरून गाठी होणं, पोटाची जखम उसवणं, नंतर पोट फुगून येणं हे प्रकार जास्त होतात. हे ऐकून काही जणी महिनाभर काकडी-ताकावर राहतात. प्रोटीन तुटलं की जखम भरत नाही. किडनी ठीक असेल तर दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन हवं, म्हणजे ६० किलोच्या बाईला रोज ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, तर ५० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत सुमारे २५ ग्रॅम मिळतं. नुसत्या वरण-भातावर हा आकडा गाठता येत नाही.

‘मी सिगारेट ओढत नाही’ एवढं सांगून भागत नाही. खर्र्यातलं, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणातलं, निकोटिनही रक्तवाहिन्या आवळतं. किमान ४ आठवडे आधी आणि जखम पूर्ण भरेपर्यंत खर्रा, तंबाखू, नस (तपकीर) सगळं बंद.

घरी आल्यावर: नव्या स्तनाला संवेदना कमी असते. गरम पाण्याची पिशवी ठेवली तर भाजल्याचं कळतही नाही. पोटाचा फ्लॅप घेतला असेल तर इन्सुलिन पोटाच्या टाक्यांजवळ न टोचता मांडीवर घ्या. जखमेत ठेवलेल्या नळीतून पडणारं पाणी रोज एकाच वेळी मोजून लिहा. सलग दोन दिवस ३० मिलिलिटरच्या आत आलं की साधारणपणे नळी काढतात. वजन जास्त असेल तर याला वेळ लागतो, ओढाताण करू नका. उन्हाळ्यात स्तनाखाली आणि पोटाच्या वळीत घाम साचून बुरशी धरते, म्हणून ती जागा टिपून कोरडी ठेवा. फ्लॅप पांढुरका, निळसर किंवा थंड वाटला तर सकाळची वाट न पाहता वॉर्डात फोन करा. ताप नसतानाही शुगर अचानक २५० च्या वर राहू लागली तर गोळी वाढवण्याआधी जखम दाखवा. मधुमेहात आत पू होत असल्याची पहिली खूण कधी कधी एवढीच असते.