गृहप्रकल्पाचा पुरातत्त्वीय अहवाल पहिल्यांदाच करताय? आधी हद्द शोधा

पुरातत्त्वात एमए झालं, उत्खननाचे एक-दोन हंगाम झाले आणि आता कुणीतरी गृहप्रकल्पाच्या जागेचा अहवाल मागतंय, अशांसाठी हे लिहितेय. जोर्वे खापर (ताम्रपाषाण काळातल्या रंगीत भांड्यांचा तुकडा) कसं ओळखायचं हे तुम्हाला येतं. अडचण खापरांची नसतेच.

अडचण हद्दीची असते. १९५८च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१०ची दुरुस्ती झाली. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित, त्यापुढचे किमान २०० मीटर नियंत्रित, हे सगळ्यांना पाठ असतं. पण १०० मीटर कुठून मोजायचे? देवळाच्या भिंतीपासून नव्हे, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून. हे कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा, कारण जागेवर गेल्यावर डोळ्यांना भिंतच दिसते, हद्द दिसत नाही.

समजा, भिंतीपासून प्लॉट १४० मीटरवर आहे. बिल्डर म्हणतो, झालं, नियंत्रित पट्टा, परवानगी मिळेल. पण संरक्षित क्षेत्र त्या बाजूला भिंतीच्या पुढे ६० मीटर पसरलेलं असेल तर उरतात ८०. म्हणजे नवी इमारत नाहीच. तोवर ब्रोशर छापलेलं असतं, आणि वाईट बातमी सांगायचं काम तुमच्याकडे येतं. एका बिल्डरने मला सरळ विचारलं होतं, "मॅडम, टेप दुसरीकडून नाही का धरता येणार?" नाही धरता येत.

बरं, ही हद्द असते कुठे? संरक्षणाच्या अधिसूचनेत. ती बहुतेकदा जुनी, आणि तिच्यातला सर्व्हे नंबरही जुना. मधल्या काळात जमिनींचं एकत्रीकरण होऊन गट नंबर पडले, गावठाणाला सिटी सर्व्हे लागला. सात-बारावर दिसणारा गट नंबर आणि अधिसूचनेतला सर्व्हे नंबर सारखा दिसला म्हणून तो तोच आहे असं धरू नका, योगायोगाने आकडा जुळतो आणि जमीन गावाच्या दुसऱ्या टोकाला निघते. भूमी अभिलेखमधून एकत्रीकरणाचे ९(३), ९(४)चे उतारे (कुठल्या सर्व्हे नंबरचा कुठला गट झाला ते सांगणारे) काढा, जुना गावनकाशा काढा, मग हद्द कायम मोजणी, म्हणजे हद्दीच्या खुणा जागेवर दाखवणारी सरकारी मोजणी मागा. वेळ जातो, जाऊ द्या. मोबाइलच्या नकाशावर रेघ ओढून घेतलेला स्क्रीनशॉट ही मोजणी नाही. असे अहवाल मी पाहिलेत, वर मोठ्या सरांची सही असलेलेसुद्धा. माझं मत विचाराल तर सहीसाठी सर शोधण्यापेक्षा एक निवृत्त भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीन मोजणीदार, शोधा.

स्मारक म्हणजे टेकाड असेल तर भिंतीचाही आधार नसतो. नालासोपाऱ्याचा बुरूड राजाचा कोट घ्या. १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला. आज इमारतींनी भरलेल्या त्या गावात नजरेने हद्द ठरवून दाखवावी कुणी.

एवढं वाचून घाबरला असाल तर ऐका, नियंत्रित पट्ट्यातला अर्ज हा काही राक्षस नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, तिथून राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे. कागद स्वच्छ असले तर वाट दिसते. राज्य संरक्षित स्मारकांना १९६०चा वेगळा कायदा आहे, ती यादी वेगळी तपासा.

आणि यादीतच नसलेली पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं पांढऱ्या मातीचं टेकाड? तिला मीटरांचा पट्टा नाही. २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, त्या अर्जात सांस्कृतिक महत्त्वाच्या संरक्षित जागांचा रकाना असतो, पण असंरक्षित टेकाड त्यात आपोआप येत नाही. तिथे तुमच्या पायांशिवाय कुणी नाही. पिकं निघाल्यावर, फेब्रुवारी ते मे, जा. उभ्या उसात फिरून "अवशेष आढळले नाहीत" लिहू नका, "जमीन दिसली नाही" लिहा. शेतात खापरं दिसली म्हणून लगेच वस्ती जाहीर करू नका. लोकांनी पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात टाकलेली असते आणि खापरं तिच्याबरोबर आलेली असतात. विहिरीचा किंवा ओढ्याचा छेद बघा: राखेचे, भाजक्या मातीचे थर सलग असतील तर वस्ती तिथलीच. जुन्या माणसांना विचारा, माती कुठून आणली ते त्यांना आठवतं.

बिल्डरला आधीच लेखी कळवून ठेवा की पाया खणताना नाणी निघाली तर १८७८च्या निखात निधी (पुरलेलं धन) कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पोकलेनवाल्यालाही सांगा, खरं तर त्यालाच आधी सांगा.

फी मात्र निष्कर्षावर अवलंबून ठेवू नका. निम्मी मोजणीआधी, निम्मी अहवाल देताना. "परवानगी आली की देतो" म्हणणाऱ्याचं काम मी आता घेत नाही. सुरुवातीला हे जमत नाही, घरभाडं थकलेलं असतं. तरी पहिल्या पत्रात लिहून टाका.