रीटमधून भाड्याचं उत्पन्न : सुरुवातीलाच या चुका टाळा

हिंजवडीच्या टेकझोनमध्ये किंवा ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये हजारो लोक रोज नोकरीला जातात. त्या इमारतींच्या भाड्यात आपलाही वाटा असू शकतो, हे त्यातल्या अनेकांना माहीत नसतं. ज्यांना कळतं ते उत्साहाने रीटची युनिटं घेतात, आणि पहिली रक्कम खात्यात पडली की प्रश्न सुरू होतात. पैसे कमी का आले? भाव का पडला? आयकर रिटर्नमध्ये हे दाखवायचं कुठे? थोडी माहिती आधी घेतली असती तर यातले बहुतेक प्रश्न पडलेच नसते.

रीट म्हणजे भाड्याने दिलेल्या ऑफिसांची किंवा मॉलची मालकी असलेला ट्रस्ट. त्याची युनिटं, म्हणजे मालकीचे छोटे वाटे, शेअरसारखीच एनएसई-बीएसई या शेअर बाजारांत मिळतात. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने नियम केले २०१४ मध्ये, आणि पहिला रीट, एम्बसी ऑफिस पार्क्स, बाजारात आला एप्रिल २०१९ मध्ये. नंतर माइंडस्पेस, ब्रुकफील्ड इंडिया, मॉलवाला नेक्सस सिलेक्ट आणि २०२५ मध्ये नॉलेज रियल्टी आले. सुरुवातीला किमान गुंतवणूक लाखांत होती. २०२१ पासून मात्र बाजारातून एक युनिटसुद्धा घेता येतं. नियमानुसार वाटपयोग्य रोकडीतला किमान ९० टक्के हिस्सा युनिटधारकांना द्यावाच लागतो, आणि किमान ८० टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेली, भाडं देणारी असावी लागते. नवख्या माणसासाठी हे दोन नियम मोठा आधार आहेत.

चूक पहिली : आलेला प्रत्येक रुपया ‘व्याज’ समजणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू या.

रीट तिमाहीला जे पैसे वाटतो त्याचे तुकडे असतात : व्याज, लाभांश, कर्जफेडीचा भाग, आणि कधी थेट भाडं. इमारती बहुतेक वेळा ट्रस्टच्या खालच्या कंपन्यांच्या नावावर असतात. ट्रस्ट त्या कंपन्यांना कर्ज देतो. भाडेकरूने दिलेल्या भाड्यातून कंपनी ट्रस्टला व्याज देते, लाभांश देते आणि मुद्दलही फेडते. पैसा भाड्याचाच असतो. पण आपल्या हातात येताना त्याला जे नाव मिळतं, त्यावर कर ठरतो.

समजा तुमच्याकडे २०० युनिटं आहेत आणि तिमाहीचं वाटप ६ रुपये जाहीर झालं. त्यात दीड रुपया व्याज, २ रुपये लाभांश, अडीच रुपये कर्जफेड. तुम्ही १,२०० रुपयांची वाट बघता आणि खात्यात येतात १,१७०. उरलेले ३० रुपये म्हणजे ३०० रुपये व्याजावरचा १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर. तो तुमच्या नावावर जमा असतो, रिटर्नमध्ये मिळतो. हे ३०० रुपये तुमच्या उत्पन्नात धरले जातात आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो, म्हणजे ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला अजून ६० रुपये आणि वर सेस भरावा लागतो. लाभांशाचे ४०० रुपये करमुक्त असू शकतात, पण खालच्या कंपनीने सवलतीच्या कॉर्पोरेट कराचा पर्याय घेतला असेल तर त्यांवरही कर लागतो. कोणता भाग करपात्र आहे, हे रीट प्रत्येक वाटपाच्या वेळी जाहीर करतो.

आता कर्जफेडीचे ५०० रुपये. त्यांवर आज कर नाही, म्हणून लोक ते करमुक्त उत्पन्न समजून विसरून जातात. २०२३ च्या अर्थसंकल्पातल्या बदलांनंतर ही रक्कम तुमच्या खरेदी किमतीतून वजा होते. ३०० रुपयांना घेतलेल्या युनिटवर वर्षभरात असे १० रुपये आले, तर तुमची खरेदी किंमत झाली २९०. पुढे ३२० ला विकलंत तर नफा २० नाही, ३० रुपये धरायचा. आणि वर्षानुवर्षं अशी मिळालेली एकूण रक्कम युनिटच्या मूळ इश्यू किमतीपेक्षा, म्हणजे रीटने ते पहिल्यांदा विकलं त्या किमतीपेक्षा, जास्त झाली, की वरची रक्कम सरळ उत्पन्न म्हणून करपात्र ठरते.

म्हणून सांगतो, कोणी ‘८ टक्के यील्ड’ (भावाच्या तुलनेत वर्षाचं वाटप) म्हणालं तर लगेच विचारा : त्यात व्याज किती, लाभांश किती, कर्जफेड किती? निवृत्त, कमी स्लॅबमधल्या माणसाला आणि तीस टक्के कर भरणाऱ्याला तेच ८ टक्के वेगवेगळे पडतात. दोन रीटची तुलना करताना हातात काय उरतं ते पाहा.

चूक दुसरी : एफडी मोडून सगळे पैसे रीटमध्ये

ही चूक करणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते, कारण ते बहुतेक निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे असतात. रीटच्या वाटपाची हमी नसते आणि मुद्दलाचीही नसते. ब्रुकफील्ड इंडियाचा इश्यू २०२१ मध्ये २७५ रुपयांना आला होता. २०२३ मध्ये त्याचा भाव या किमतीच्या खाली होता. त्याचं वार्षिक वाटपही २०२१-२२ मध्ये युनिटमागे सुमारे २२ रुपये होतं, ते २०२३-२४ मध्ये १८ च्या आसपास आलं.

कारणं दोन, आणि ती समजून घेण्यासारखी आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. रीटच्या डोक्यावर कर्ज असतं, त्याचा खर्च वाढला. शिवाय एफडीचे दर चढले की लोक रीटसाठी कमी भाव द्यायला तयार होतात. दुसरं कारण सेझमधल्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या, रिकाम्या जागा. नव्या कंपन्यांना मिळणारी आयकर सवलत २०२० मध्ये संपली, त्यामुळे सेझ इमारतींत भाडेकरू मिळेनासे झाले. डिसेंबर २०२३ मध्ये मजल्यानुसार सेझमधून बाहेर पडायची मुभा मिळाली, तेव्हा कुठे जागा भरायला लागल्या.

म्हणून घेण्याआधी रीटच्या तिमाही सादरीकरणात चार गोष्टी शोधा : किती टक्के जागा भाड्याने गेली आहे, करार सरासरी किती वर्षं शिल्लक आहेत, पहिल्या दहा भाडेकरूंकडून किती भाडं येतं, आणि मालमत्तेच्या तुलनेत कर्ज किती आहे. नियम ४९ टक्क्यांपर्यंत कर्जाची मुभा देतो. मला स्वतःला तिशीच्या वर गेलेला आकडा दिसला की मी कर्जाच्या मुदती आणि व्याजदर नीट वाचतो. वर्षभराच्या खर्चाचा पैसा मात्र एफडीतच राहू द्या.

चूक तिसरी : रेकॉर्ड डेटच्या तोंडावर खरेदी

‘परवा रेकॉर्ड डेट आहे, आज घेतो, सहा रुपये मिळतील’ असा हिशेब अनेक जण करतात. रेकॉर्ड डेटला ज्यांच्या नावावर युनिटं असतात त्यांनाच वाटप मिळतं. पण वाटपाचा हक्क गेला की भाव साधारण तेवढाच खाली येतो. तुमचेच पैसे तुम्हाला परत मिळतात, आणि त्यातल्या व्याजावर कर भरावा लागतो तो वेगळाच. रेकॉर्ड डेटच्याच दिवशी खरेदी केली तर वाटप मिळतही नाही, कारण युनिटं डीमॅटमध्ये यायला एक दिवस लागतो.

चूक चौथी : मोठा होणारा रीट म्हणजे चांगला रीट

‘नवा ऑफिस पार्क विकत घेतला’ ही बातमी आनंदाची वाटते. पण तो घेण्यासाठी नवी युनिटं काढली असतील तर भाड्याच्या वाट्याला जास्त हात लागतात. एकूण उत्पन्न वाढलं तरी युनिटमागचं वाटप तिथेच राहू शकतं, कमीही होऊ शकतं. तीन-चार वर्षांचे युनिटमागच्या वाटपाचे आकडे एका ओळीत लिहून पाहा. मी कंपनीच्या पत्रकातल्या मथळ्यांपेक्षा या ओळीवर जास्त विश्वास ठेवतो.

छोट्या रीटशीही गल्लत करू नका. २०२४ मध्ये सेबीने ५० ते ५०० कोटींच्या मालमत्तांसाठी ‘एसएम (स्मॉल अँड मीडियम) रीट’ आणले. त्यात किमान १० लाख रुपये घालावे लागतात आणि बऱ्याचदा सगळा भरवसा एकाच इमारतीवर असतो. सुरुवात तिथून करू नये. सेबीकडे नोंदणी नसलेल्या एखाद्या ॲपवर ‘ऑफिसचा तुकडा घ्या’ अशी जाहिरात दिसली तर त्या वाटेला जाऊच नका.

अडलं तर काय बघायचं

ॲपमध्ये नाव सापडत नसेल तर पुढे ‘आरआर’ लिहिलेलं नाव शोधा. एनएसईवर रीट त्या मालिकेत असतात.

रिटर्न भरताना आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ मधल्या ‘पास थ्रू इन्कम’च्या परिशिष्टात ही माहिती भरायची असते. एआयएसमधले, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकातले, आकडे आणि तुमच्या खात्यात आलेली रक्कम जुळत नसेल, तर ट्रस्टकडून येणारं वार्षिक विवरणपत्र समोर घ्या, त्यात तुकडे वेगळे दाखवलेले असतात. बँक स्टेटमेंटवरून अंदाजाने भरू नका.

विक्री बारा महिन्यांच्या आत केली तर नफ्यावर २० टक्के, नंतर केली तर १२.५ टक्के कर लागतो. शेअरसकट वर्षाच्या पहिल्या सव्वा लाखाच्या दीर्घकालीन नफ्याला सूट आहे. दोन-चार युनिटं वारंवार विकू नका, कारण प्रत्येक विक्रीला डीपीचा, म्हणजे डीमॅट खातं सांभाळणाऱ्या संस्थेचा, ठरावीक आकार लागतो आणि छोट्या रकमेवर तो बोचतो.

वाटप जाहीर होऊन आठवडे उलटले आणि पैसे आलेच नाहीत, तर आधी डीमॅटला जोडलेलं बँक खातं तपासा. नोकरी बदलल्यावर बंद पडलेलं जुनं पगाराचं खातं तिथे राहिलेलं असतं. ते बदलून घ्या आणि अडकलेल्या रकमेसाठी रीटच्या रजिस्ट्रारला, म्हणजे केफिनटेकसारख्या संस्थेला, डीमॅट क्रमांक आणि रद्द केलेला चेक जोडून ईमेल करा. उत्तर आलं नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, त्याला पैसे लागत नाहीत.