एकाच डिझाईनमध्ये सगळे खडे बसत नाहीत : पैलू पाडायला शिकणाऱ्यांसाठी माझा अनुभव

जयपूरला एका छोट्या कारखान्यात सहा महिने शिकले, मग नाशिकला घरीच मशीन घेतलं, त्याला आता पाच वर्षं होतील. नवीन शिकणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो असा की ताई, ही डायग्राम (पैलूंच्या कोनांचा नकाशा) सीझेडवर (बाजारात ज्याला अमेरिकन डायमंड म्हणतात त्यावर) मस्त आली, आता हीच ॲमेथिस्टमध्ये (जांभळ्या स्फटिकात) कापू का? मी पण हेच केलं होतं, आणि ज्या खड्यावर केलं तो परत मिळणारा नव्हता, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मामाच्या शेतात विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोकळीत जांभळे स्फटिक निघाले होते. आपल्याकडे दख्खनच्या बेसाल्टमध्ये असे सापडतात, पण बहुतेक फिके आणि तडे गेलेले. त्यातला एकच तुकडा कापण्यासारखा स्वच्छ होता, तो आईने माझ्यासाठी जपून ठेवला होता. तोपर्यंत मी सीझेडवर सराव करत होते, एक साधा राऊंड हाताला बसला होता, पॅव्हेलियनचे, म्हणजे खड्याच्या खालच्या भागाचे, मेन (मुख्य) पैलू ३९ अंश. तेच आकडे लावून ॲमेथिस्ट कापला. पॉलिश सुंदर झालं, सगळे मीट पॉइंट (पैलूंची टोकं एकत्र येतात ते बिंदू) जुळले, डॉपवरून (खडा चिकटवायच्या दांडीवरून) काढला आणि पेपरवर ठेवला तर मधोमध खालची अक्षरं दिसत होती. यालाच विंडो म्हणतात. कापण्यात चूक नव्हती, कोन त्या खड्याचे नव्हते.

कारण समजून घ्या, एकदा कळलं की आयुष्यभर पुरतं. टेबलमधून (वरच्या मोठ्या सपाट पैलूतून) सरळ खाली आलेला प्रकाश पॅव्हेलियनच्या पैलूवर, लंबापासून मोजलं तर, जेवढ्या अंशाने आदळतो तो आकडा म्हणजे त्या पैलूचाच कोन असतो. हा कोन त्या पदार्थाच्या क्रिटिकल अँगलपेक्षा जास्त असेल तर प्रकाश आतच परततो, कमी असेल तर खालून निघून जातो. क्रिटिकल अँगल काढायचा तर १ ला रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सने (अपवर्तनांकाने, पुढे नुसता इंडेक्स) भागायचं आणि कॅल्क्युलेटरवर साइन इन्व्हर्स दाबायचं. सीझेडचा इंडेक्स साधारण २.१६, म्हणजे क्रिटिकल अँगल २७.६ अंश, तिथे ३९ ला काहीच अडचण नाही. ॲमेथिस्ट, सिट्रीन, साधा स्फटिक हे सगळे क्वार्ट्झ, इंडेक्स १.५४, क्रिटिकल अँगल ४०.५. माझे ३९ त्याच्या खाली गेले, विंडो पडणारच होती.

मग कोन वाढवतच जायचा का, तर तसंही नाही. पहिल्या पैलूवरून परतलेला प्रकाश समोरच्या पैलूवर आदळतो तेव्हा त्याचा कोन १८० वजा पैलूच्या कोनाची तिप्पट एवढा असतो, तोही क्रिटिकल अँगलच्या वर राहिला पाहिजे. हिशोब केला तर क्वार्ट्झला साधारण ४०.५ ते ४६.५ एवढीच जागा मिळते. नीलमचा इंडेक्स १.७६, तिथे ३४.६ ते ४८.५ पर्यंत. म्हणून नीलम चुका सहन करतो आणि स्वस्त क्वार्ट्झ करत नाही, आणि सगळे शिकायला क्वार्ट्झच घेतात! मी क्वार्ट्झला ४३ ठेवते. तरी खडा चार-पाच अंश तिरपा केला की एका कडेला थोडी विंडो दिसायला लागते, तो पदार्थाचाच स्वभाव आहे, त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका.

आता कोन बदलायचे कसे. सगळ्या आकड्यांत सरसकट ४ मिळवले की झालं असं वाटतं, तसं करू नका. गुणोत्तर टॅन्जंटचं असतं. नवीन मेनच्या कोनाचा टॅन भागिले जुन्या मेनच्या कोनाचा टॅन, जो आकडा येईल त्याने त्या बाजूच्या प्रत्येक पैलूच्या टॅनला गुणायचं. इंडेक्स गियरचे (खडा गोल फिरवून ठरावीक जागी थांबवणाऱ्या दातेरी चाकाचे) नंबर तेच राहतात, गर्डल (खड्याची मधली कड) ९० वरच राहतो, वरून बघितलं तर नक्षी जशीच्या तशी. क्राऊन (खड्याचा वरचा भाग) आणि पॅव्हेलियन दोघांचे गुणक वेगळे असले तरी चालतात. जेमकॅड या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, पण पहिली दोन-तीन डिझाईन्स वहीत हाताने करा, मी अजूनही करते.

सरसकट मिळवण्या-वजा करण्याने काय होतं ते दुसऱ्या ॲमेथिस्टवर कळलं. पॅव्हेलियन ३९ चा ४३ केला की त्याची खोली रुंदीच्या ४०.५ टक्क्यांवरून ४६.६ टक्क्यांवर जाते, १० मिमीच्या खड्यात ०.६ मिमी जास्त, आणि माझा रफ (न कापलेला दगड) तेवढा जाड नव्हता, म्हणून क्राऊन उतरवायचं ठरवलं, मेन ३५ वरून ३२, आणि घाईत स्टार (टेबलला लागून असलेले छोटे पैलू) २० वरून १७ केले. मीट पॉइंट काही केल्या बसेनात. टॅनने काढलं तर स्टार बरोबर १८ येतात. एका अंशासाठी अख्खी संध्याकाळ गेली.

पण फक्त इंडेक्स बघून भागत नाही. जयपूरच्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं की आधी दगड बघ, कागद नंतर. टोपाझचं उदाहरण घ्या, कोन बदलायला सोपा, पण त्याला एका दिशेने परफेक्ट क्लीव्हेज आहे, म्हणजे त्या प्रतलात तो सहज दुभंगतो, टेबल बरोबर त्या प्रतलात आलं तर पॉलिशच होत नाही, पृष्ठभाग उचकटत राहतो. डॉप करतानाच पाच ते दहा अंश तिरपा धरायचा. टूर्मलिनचे काही तुकडे लांबीच्या दिशेने बघितले तर जवळजवळ काळे दिसतात, तसा असेल तर आयताकृती स्टेप कट (पायऱ्यांसारखे समांतर पैलू) घ्यायचा, लांबी स्फटिकाच्या लांबीबरोबर, आणि टोकाचे पैलू ७० अंशांच्या आसपास उभे ठेवायचे म्हणजे तो काळा रंग वर येत नाही. गडद गार्नेटला खोल पॅव्हेलियन दिलं तर कोळसा होतो, तिथे चालतील त्यातले खालचे कोन घ्यायचे आणि खडा लहान ठेवायचा. पॉलिशही बदलतं, क्वार्ट्झला सेरियम ऑक्साइड, नीलमला बारीक डायमंड.

मामाच्या विहिरीतला तो ॲमेथिस्ट मी नंतर ४३ वर परत कापला. खोली तेवढीच असल्यामुळे रुंदी सोडावी लागली, १० मिमीचा ८.७ च्या आसपास राहिला. आईने अंगठीत बसवून घेतला.

सध्या डॉपवर पुण्याकडचा हिरवा ॲपोफायलाइट आहे. इंडेक्स क्वार्ट्झच्या जवळ, म्हणून कोन जवळजवळ तेच चालतात, पण हार्डनेस जेमतेम ५, क्लीव्हेज परफेक्ट, आणि तापवला की पापुद्रे सुटतात, त्याचं ग्रीक नावही त्यावरूनच पडलंय. त्यामुळे गरम लाख अजिबात नाही, थंड ग्लूने चिकटवलाय, टेबल क्लीव्हेजपासून आठ अंश तिरपं धरलंय, आणि पॅव्हेलियन १२०० ग्रिटच्या लॅपवर (घासायच्या फिरत्या चकतीवर) अगदी हलक्या हाताने चाललंय.